दावणीला बांधलेला उजेड

माझा नातू नागपूरला नोकरी करतो आणि पगारातून उरेल ते शेअरात घालतो. मागच्या खेपेला आला तो थेट माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "आजोबा, लेसरच्या कंपन्या पाहतोय. कुठली चांगली ते कळत नाही." लेसर म्हणजे काय हेही त्यानं समजावलं. सुतासारखा सरळ उजेड, कुठं फाकत नाही, पोलाद कापतो, चंद्रावर पाठवला तर निरोप घेऊन परत येतो. मी म्हटलं, बाबा रे, उजेडाच्या कंपनीची पारख आपल्या घराण्याला नवी नाही. माझ्या तरुणपणी, जंगलात ट्रक नुकते शिरत होते तेव्हा, मोठेबाबांनी चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, बसून अशी एक कंपनी शिंगापासून शेपटीपर्यंत तपासली होती. तो हसला आणि चहा पिऊन मित्राकडं गेला. म्हणून हे कागदावर उतरवतो आहे. कागद मधेच उठून जात नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा आवाज असा की गावाच्या एका टोकाच्या जटपुरा गेटात खाकरले तर दुसऱ्या टोकाच्या पठाणपुरा गेटातला पानवाला "आलो, आलो" म्हणायचा. आल्लापल्लीच्या जंगलातून सागवानाचे ओंडके ओढून आणणाऱ्या बैलजोड्या त्यांच्या मालकीच्या होत्या, आणि बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा गोदावरीपासून वैनगंगेपर्यंत कोणी नव्हता. बाजारात ते दिसले की व्यापारी आपले वाईट बैल गर्दीच्या मागं सरकवत. एकदा तर एक बैल त्यांना पाहून आपणहून मागं सरकला. हे मी स्वतः पाहिलं आहे, निदान पाहिलेल्या माणसाकडून ऐकलं आहे.

"उभा बैल पाहू नोको," ते मला सांगत. "उभा बैल नवरदेवावानी असते. शिंगाले रंग, गळ्यात घुंगरू. बसलेला बैल पाहाचा, अन् उठतानी पाहाचा. जनावर आधी मागचे पाय उचलते. ते कसे उचलते त्यात सारं येते."

मग जंगलात ट्रक आले. लढाईतून उरलेले, धुरानं खोकणारे, पण एका खेपेत महिन्याचं काम करणारे. मोठेबाबांनी दोन हंगाम त्यांना शिव्या दिल्या आणि तिसऱ्या हंगामाआधी सगळ्या जोड्या विकल्या. शेवटची जोडी दारातून गेली तेव्हा ते घरात जाऊन पाणी प्यायले. ते पाणी ते बराच वेळ पीत राहिले.

बैलांचा जो पैसा आला तो म्हणजे त्या दोघांचं म्हातारपण. मुलगा नव्हता, मुलगी वर्ध्याला दिलेली. जावई भला माणूस, "तुमी दोघं इकडंच या" म्हणायचा. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, हे ऐकलं की पदर सावरून उत्तर द्यायची, "जावयाच्या घरी च्या पियाले गोड. राहाले नाई." पैसा नीट लागला तर चांद्यातलं घर, तिची तुळस, तिची चूल तिची राहणार होती. बुडाला तर वर्धा. हे तिला माहीत होतं, मोठेबाबांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मोठी आई विहिरीवर सांगत होती.

त्या श्रावणात मुंबईच्या एका कंपनीचा एजंट चांद्याला उतरला. पुण्याकडचा तरुण पोरगा, दमट उकाड्यात कोट घालून, कोटाच्या आत घामाची पैनगंगा. त्याची कंपनी दिवे बनवायची. साधे नाही. रेल्वेच्या, खाणीच्या, जंगलखात्याच्या कामाचे, खांद्याला पट्टा लावून न्यायचे, पुढं हे एवढं भिंग, आणि उजेड म्हणजे पसरट नाही, दांडक्यासारखा लांब. कंपनी आता शेअर विकत होती. आमच्या गल्लीतले वकीलसाहेब पहिल्याच बैठकीत दणकून घेऊन मोकळे झाले आणि संध्याकाळी ओट्यावर बसून साऱ्यांना सांगू लागले की पुढचा काळ उजेडाचा आहे. ते खरंच होतं. काळ कुणाचा आहे हे वकिलांना नेहमी आधी कळतं.

मी तेव्हा लाकडाच्या डेपोत कारकून होतो. इंग्रजी वाचता यायचं म्हणून मोठेबाबांनी मला सोबत बसवलं. मी कंपनीचं छापील पत्रक उघडलं. त्यांनी ते माझ्या हातून घेऊन पालथं ठेवलं.

"हे शिंगाचा रंग आहे," ते म्हणाले. "बैल कुठी आहे?"

एजंटानं पिशवीतून दिवा काढला. निकेलचा, आरशासारखा. मोठेबाबांनी तो हातात तोलला, उलटा केला, कानाशी हलवला, वास घेतला, आणि एजंटाला विचारलं, "वय काय?"

"माझं?"

"कंपनीचं गा. दुधाचे दात आहेत का पडले?"

पोरगा पहिल्यांदा गडबडला. मग हसून म्हणाला, "दोन दात आलेत, काका."

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं. दोन दात म्हणजे नुकतं वयात येऊ लागलेलं जनावर. त्यांना उत्तर आवडलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "बटण दाबून पाहा ना, भाऊ, उजेड पाहा."

"रिकामा बैल कोनीबी चालवते," मोठेबाबा म्हणाले. "ओझं लादून पाहाचं. दिव्याचं ओझं म्हंजे अंधार. इथी कुठी आहे अंधार?"

अंधार शोधायला आम्ही आगगाडीनं भांदकला गेलो. भद्रावती म्हणतात ते आताचं. तिथं विजासनच्या टेकडीत जुनी लेणी आहेत, एक सरळ बोळ डोंगराच्या पोटात जातो आणि त्याच्या शेवटी बुद्धाची मूर्ती. भर दुपारी आत असा अंधार की अंगाला चिकटायचा, बाहेर येऊन झटकावा लागायचा. मोठेबाबा, एजंट, वकीलसाहेब आणि मी, चौघं तोंडाशी उभे राहिलो. आधी वकीलसाहेबांनी आपली घरची बॅटरी लावली. तिचा उजेड अर्ध्या वाटेत बसला आणि उठलाच नाही.

मग एजंटानं त्याचा दिवा लावला.

मी आयुष्यात खूप थापा मारल्या, पण हे सांगताना थाप मारायची गरज पडत नाही. उजेड फाकला नाही. गेला तो सरळ गेला, नांगराच्या तासासारखा. छतावर उलटी लटकलेली वटवाघळं शरमेनं सुलटी झाली. तो उजेड मूर्तीपर्यंत पोचला, तिथून भिंतीत शिरला आणि टेकडीपलीकडं धान रोवणाऱ्या बायांच्या पाठीवर पडला, असं मोठेबाबा मरेपर्यंत सांगत राहिले. मी एवढंच म्हणतो की मूर्तीच्या हाताची बोटं तोंडाशी उभं राहून वेगवेगळी दिसत होती.

मोठेबाबांनी वहाणा काढल्या. जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत ऐकू जाणारा तो माणूस हळूच म्हणाला, "पाय सरळ टाकते."

वकीलसाहेबांना वाटलं, झालं, सौदा ठरला. पण आमच्याकडं बैल असा घेत नाहीत. मनात भरलेला बैल आधी आपल्या दावणीला आणून बांधायचा. काही दिवस आपला चारा, आपलं पाणी. रात्री धापतो का, परक्या माणसाला मारतो का, सकाळी कसा उठतो, ते पाहायचं. आवडला तर पैसे, नाही तर बैल परत, आणि कुणी कुणावर रुसायचं नाही. मात्र या रिवाजाला एक काटा आहे. दावणीवर असताना बैलाला काही इजा झाली, तर तो घेणाऱ्याचा झाला. मग भावाची घासाघीस नाही. बोलणं जितक्याचं झालं होतं तितक्याला घ्यायचा.

"पोळ्यापावतर दिवा माह्या दावणीले राहू द्या," मोठेबाबा घरी परतल्यावर म्हणाले. "पसंत पडला तं साऱ्या पैशाचे शेअर."

एजंटाकडं नमुन्याचा दिवा तेवढा एकच. त्याला पुढं मूल गावी आणि गडचिरोलीला जाऊन तोच दाखवायचा होता. त्यानं एकदा दिव्याकडं पाहिलं, एकदा रिकाम्या गोठ्याकडं पाहिलं, आणि ठेवून गेला. मूलला त्यानं नुसत्या हातवाऱ्यांनी उजेड दाखवला म्हणतात.

दिवा खरोखर दावणीला बांधला गेला. रिकाम्या गोठ्यात, जुन्या खुंट्याला, पट्ट्यातून दोर घालून. मोठेबाबा सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर पाटावर बसत. तिन्हीसांजेला लावला की अख्खी गल्ली जमायची. उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा आणि पोरं त्यात हातांची हरणं पळवायची. मोठेबाबा म्हणत, "खाते कमी, चालते जास्त." माझा अंदाज होता की त्यांनी सगळा पैसा लावायचं मनात पक्कं केलं आहे. मोठ्या आईचाही तोच अंदाज होता, म्हणून ती दिव्याकडं सवतीकडं पाहावं तशी पाहायची. तरी पण गोठ्यातलं जनावर ते गोठ्यातलं जनावर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कातडं निबर झालेलं असतं, त्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मोठ्या आईचा हा दिवस कधी चुकला नव्हता. मी दुपारी डेपोतून आलो तर ती गोठ्यात, समोर वाटी, हात पिवळे, आणि दिव्याची काच पिवळी.

"हे काय केलं व?" मोठेबाबा मागून येऊन म्हणाले.

"गोठ्यात आहे तं खांदा शेकल्याबिगर राहीन का?"

"त्याले खांदा कुठी आहे?"

"भार कोन वाहते? काच वाहते. मंग तोच खांदा."

मोठेबाबांनी विचार केला. बैलांच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून जिंकणारी ती एकटीच होती. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि नुसतं वरून लावलं तर मुरणार नाही म्हणून त्यांनी स्वतः पुढची कडी पिळून काढली. काचेच्या आतून, मागच्या चकचकीत वाटीला, बल्बाच्या मानेला, सगळीकडं तूप-हळद लागली. मग दोघांनी मिळून त्याला आवतन दिलं.

तिन्हीसांजेला बटण दाबलं. उजेड आला तो ताकातून गाळून आल्यासारखा. भिंतीवर हरणं उमटेनात, नुसता एक पिवळा डाग. मोठेबाबांनी फडक्यानं पुसलं, तेव्हा तो डाग आणखी मोठा झाला.

रिवाज दोघांनाही ठाऊक होता. दावणीवर इजा झाली, दिवा आपला झाला. आणि दिवा म्हणजे नुसता दिवा नव्हे. ज्या सौद्यासाठी तो बांधला होता तो सौदा गळ्यात आला. मोठी आई चुलीपाशी जाऊन बसली. तिनं आपल्या हातानं, घरच्या तुपानं, आपलं घर चोळून टाकलं होतं.

मी म्हटलं, "मोठेबाबा, तो मुंबईचा माणूस. त्याले काय मालूम आपला रिवाज?"

"त्याले नसन मालूम," ते म्हणाले. "मले आहे ना."

दुसऱ्या दिवशी पोळा. गावाच्या तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, झुली, बेगड, रंगवलेली शिंगं. त्या रांगेत मोठेबाबा दिवा खांद्याला लावून उभे राहिले. लोक हसले, पण तोंड फिरवून. झडत्या सुरू झाल्या, म्हणजे पोळ्याला बैलवाले एकमेकांना टोमणे मारत आरोळ्या ठोकतात त्या. एकानं मोठेबाबांकडं पाहून ठोकली की कुणाचा बैल खातो पेंड, कुणाचा खातो मसाला सेल, म्हणजे बॅटरीत घालतात ते. मोठेबाबांनी खांद्यावरचा पट्टा तेवढा नीट केला. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

तोरण तुटलं आणि गर्दीतून एजंट आला. वकीलसाहेब त्याच्याबरोबरच होते. मोठेबाबांनी वाट पाहिली नाही, दोघांना घरी आणून आपल्या ओट्यावर चढून चारचौघांत सांगितलं, "दिवा माह्या दावणीवर बिघडला. आमच्या रिवाजानं आता तो माहा. बोलणं झालं होतं तितके शेअर लिहून घ्या. साऱ्या पैशाचे."

"उत्तम," वकीलसाहेब म्हणाले. "शुभ दिवस आहे."

मोठी आई दारात उभी होती. एजंटानं तिच्याकडं पाहिलं, मग दिव्यावरच्या हळदीकडं. त्याला रिवाज समजायला वेळ लागला नाही. त्याला फक्त मान हलवायची होती. त्या वर्षी इतका मोठा सौदा त्याला चांद्यात दुसरा मिळणार नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "रिठे आहेत का? आणि कोमट पाणी."

त्यानं कोट काढला, जो आम्ही कधी निघताना पाहिला नव्हता, बाह्या वर केल्या आणि ओट्यावर दिवा उघडून बसला. एकेक भाग रिठ्याच्या पाण्यात धुतला, उन्हात ठेवला. "बिघडलेलं काही नाही," तो म्हणाला. "नुसतं तूप आहे. चांगलं तूप आहे." गल्ली हसली. मोठ्या आईनं तोंडाला पदर लावला.

मोठेबाबा मात्र हसले नाहीत. ते उकिडवे बसले आणि उघड्या दिव्यात डोकावू लागले, बैलाचा जबडा उघडून पाहावा तसे. इतके दिवस समोर बसून, काल तूप लावायला उघडूनही हे त्यांना सुचलं नव्हतं. एक भाग उचलून त्यांनी विचारलं, "हे कोन बनवते?"

"डबा आम्हीच बनवतो."

"बटन?"

"तेही आमचंच."

"अन् हे काच? हे बल्ब?"

एजंट थांबला. वकीलसाहेबांनी घसा खाकरला. तो खोटं बोलला असता तरी तिथं कोणाला काही कळणार नव्हतं, मलाही नाही. त्यानं भिंग उन्हात धरून पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाला, "बाहेरचं. बोटीनं येतं."

"म्हंजे डोया दुसऱ्याचा." त्यांनी स्वतःच्या डोळ्याशी बोट नेलं.

"हो, काका."

"बोट नाई आली तं?"

"तर डबा आणि बटण."

"अहो, बोटी कशाला बंद होतील?" वकीलसाहेब म्हणाले.

मोठेबाबा उठले. त्या माणसानं मी पाहिलेल्या सगळ्या बैलांवर जितकं प्रेम केलं असेल तितकं त्या क्षणी त्या घामेजल्या पोरावर केलं, आणि तरी हिशेब सोडला नाही. हेच मला आजही नवल वाटतं. आमच्या भागात मन भरलं की डोकं सुट्टीवर जातं. त्यांचं दोन्ही एकाच जुवाखाली चालायचं.

"मानूस जोडीचा आहे," ते म्हणाले. "कंपनी एका बैलाची आहे. इजा झाली नाई असं तूच म्हनला, म्हंजे रिवाज सुटला. एका बैलाच्या किमतीचे लिही."

वकीलसाहेब हसले. "भाऊ, एका बैलानं गाडी चालते का?"

"चालत नाई. म्हनून बाकीचे घरी ठेवले."

दिवा जोडून झाला. एजंटानं बटण दाबलं आणि उजेड गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भर दिवसा सरळ गेला. निदान मोठेबाबांना तसा दिसला, आणि त्यांना दिसलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

उरलेल्या पैशात त्यांनी मूलच्या वाटेवर एका बोडीखालची धानाची जमीन घेतली. बोडी म्हणजे आमच्याकडचं बांध घालून अडवलेलं लहान तळं. त्याच्या पाण्यावर दोघांपुरतं आणि पाहुण्यांपुरतं पिकायचं. कंपनीकडून वर्षाला लाभांश यायचा. त्याला मोठेबाबा शेण म्हणत. पोस्टमन दिसला की विचारत, "बैलानं शेन टाकलं का गा?" पोस्टमननं आधी राग धरला, मग त्यालाही सवय झाली. तो लांबूनच ओरडायचा, "टाकलं, भाऊ, पन पातळ."

काही पोळे गेले आणि एका वर्षी शेण आलं नाही. परदेशी माल आणायला सरकारनं हात आखडता घेतला होता. भिंगं येईनात, बल्ब येईनात. वकीलसाहेबांनी त्या वर्षी ओट्यावर बसणं सोडलं आणि वरच्या मजल्याचं अर्धं बांधकाम विटांवर तसंच राहिलं. त्यांची टिंगल मोठेबाबांनी केली नाही. उलट धानाचं एक पोतं माझ्याकरवी पाठवलं आणि सांगितलं, "म्हना, जास्त झालं होतं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी एजंट दारात उभा राहिला. कोट नव्हता. कंपनीनं कारखान्याला कुलूप लावलं होतं, ते त्याला पत्रानं कळवता आलं असतं. पण तो नागपूरपासून गाडी बदलत स्वतः सांगायला आला होता. ओट्याखालीच थांबून म्हणाला, "काका, तुमचा बैल बसला."

"बसलेला बैल मेलेला नसते," मोठेबाबा म्हणाले. "वर ये."

पुढं तो बैल उठला. आधी मागचे पाय उचलले. कंपनीनं दिवे सोडून पहिल्यांदा स्वतःची काच घासायला घेतली, मग कितीतरी वर्षांनी दिवे. नातवाला मला एवढंच सांगायचं आहे की तुझ्या त्या लेसरवाल्यांकडं जाशील तेव्हा डोळा कुणाचा ते विचार, आणि उत्तर देणारा किती थांबतो ते पाहा. पण त्या दिवशी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. एक पोरगा नोकरी गमावून ओट्यावर बसला होता आणि त्याच्यापुढं आपल्या स्वतःच्या दारात, आपल्या चुलीच्या धुरात, मोठी आई उभी होती. हातात वाटी, बोटं पिवळी.

तिनं त्याच्या दोन्ही खांद्यांवर सदऱ्यावरूनच तूप-हळद लावली. तो बिचारा हललाही नाही.

"आज आवतन घे," ती म्हणाली, "उद्या जेवाले ये. अन् उद्यापावतर कुठी जातं? इथीच राह्य. घर आपलंच आहे."